लाईट यायच्या आधी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या बटणाची दुरुस्ती. दाबलं की ते चरचरायचं, हाताला मुंग्या यायच्या. ती लाटण्याच्या टोकानं दाबायची. दिवाळीपासून माझ्या मागं लागली होती. पाटसहून नवं बटण आणलं, तेही फळीवर पडून राहिलं.

त्या दुपारी भारनियमन होतं. तेव्हा आमच्या गावाची रीतच होती, लाईट गेली की वायरला हात घालायचा. मेन स्विच कोण पाडतो! मी स्टुलावर चढून बोर्ड उघडला. ती खाली बॅटरी धरून उभी.

"अवो, आधी मेन पाडा."

"लाईटच न्हाई, तर मेन कशाला पाडू? पाचला येती."

"लाईटीला घड्याळ कळतंय व्हय?"

"तू उजेड नीट धर. तोंडानं वायरी जुळत न्हाईत."

ती हसली. मी जुनं बटण सोडवलं आणि लाईट आली. एका झटक्यात मी खाली, पाठीवर. शुद्धीवर होतो, पण शब्द फुटेना. ती "अवो, अवो" करत मला हलवत होती. तिचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. दम आला तसा म्हणालो, "मेलो न्हाई, वरडू नको."

ती भिंतीला टेकून बसली, छातीवर हात ठेवून. जीप मिळाली, पण दौंडला पोचेपर्यंत ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं. धसक्याचं सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी अग्नी दिला. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून रात्रभर स्वयंपाकघरात कुणी गेलं नाही. सकाळी मांडवगणची मेव्हणी भांडं घ्यायला आत शिरली. आत अंधार, तिनं बटणासाठी भिंतीवरच्या उघड्या बोर्डाकडं हात नेला.

"हात लावू नको!" मी असा ओरडलो की ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली.

बाहेर जाऊन मेन पाडला. फ्यूज काढून खिशात घातले. टेस्टर लावून बघितलं, पुन्हा बघितलं. मग नवं बटण बसवायला घेतलं.

"दाजी, काल बहिणीला अग्नी दिला, आन् आज हे काय काढलंय?"

"कालबी हेच करत होतो. ती मेन पाडा म्हणत होती. मी न्हाई पाडला. मला शॉक बसला, आन् ती भ्याली."

 मेव्हणी तिथंच जमिनीवर बसली. मी पेच आवळले, मग बाहेर जाऊन फ्यूज लावले.