पाहुण्याचं गूळपाणी

खाडीकाठच्या मिठागरांत आमची दहा-बारा झोपड्यांची वस्ती होती. चहूकडे पांढरं रान, झाड औषधालाही नाही. थंडीत मुंबईचे साहेब आगगाडीने ठाण्याला उतरून इथे पाखरं मारायला येत. त्यांच्यासाठी नव्या लोकल बोर्डाने बंगला बांधला, शेजारी पाण्याची टाकी. साहेब गेले की टाकीला कुलूप. आमच्या बायका मात्र माजिवड्याच्या विहिरीवर जात, जाऊन-येऊन अर्धा दिवस.

बायकोला आठवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली. सुईणीने बजावलं होतं, हंडा उचललास तर हेही जाईल. वस्तीत अक्षरं मला एकट्याला येत, म्हणून मीच बोर्डाला अर्ज लिहिला: वस्तीत खणलेल्या आमच्या खड्ड्याचं पाणी खारं आहे, टाकी उघडावी.

पाणी चाखून बघायला बोर्डाचे मेंबर, ठाण्याचे एक वकील, येणार होते. पाहुण्याला आधी गूळपाणी, हा आमचा धर्म.

"पावन्याला खारा पानी कसा द्यायचा?" बायको म्हणाली. मला ते पटलं, काय सांगू! बाकीच्या बायका आगरावर, म्हणून तीच माजिवड्याला गेली. एका दिवसाने काय होतंय, म्हणालो मी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

वकीलसाहेबांनी गूळ तोंडात टाकला, तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या.

"पाणी उत्तम आहे रे. लिहा हो कारकून."

"रावसाहेब, तुम्ही प्यालात ते माजिवड्याचं," मी खड्ड्यातलं पाणी पुढे धरलं. "आमचं हे. चाखा."

"माझी तहान भागली. आणि माजिवड्याहून आणता येतं, मग तक्रार कसली?"

लाज सोडून मी त्यांचे पाय धरले. ते घोड्यावर बसले. हंड्यात उरलेलं पाणी त्यांच्या घोड्याला पाजलं होतं, तेही मीच.

सकाळी घरात थेंब नव्हता. ती हंडा घेऊन निघाली. मी तो हिसकावला, तर म्हणाली, "तुमी आगरावं जा. मुकादम आगर काढून घेल." खरंच होतं ते. मी मीठ ओढायला गेलो.

दुपारी बायकांनी तिला बांधावरून उचलून आणलं. ती जगली. हंडाही कुणीतरी भरलेलाच आणला होता. त्याच पाण्याने सुईणीने मूल धुतलं आणि पुरायला माझ्या हातात दिलं.