गोलच्या तोंडात रोवणा

बालाघाटच्या क्लबच्या फुटबॉल मैदानाचा चौकीदार म्हणून नेमणूक सुखरामची होती. सुखराम मैदानाच्या कडेला जांभळाखाली झोपायचा. इतका इमानदारीनं झोपायचा की खेळाडू आपले शर्ट काढून त्याच्या अंगावर ठेवत, आणि सामना संपल्यावर एकही शर्ट खाली पडलेला नसे. मैदान सांभाळायची ती त्याची बायको, जिजाबाई.

जिजाबाईचं माहेर तुमसरकडचं. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा माहेर एका राज्यात गेलं नि सासर दुसऱ्यात राहिलं. तिला कुणी विचारलं की बाई, आता तू कुठली? ती म्हणायची, "माही म्हैस जिथली, मी तिथली." म्हशीचं नाव कस्तुरी. वास मात्र नावासारखा नव्हता.

सुखरामचा पगार सुखरामबरोबर दारूच्या कलारीत जायचा, त्याचा जिजाबाईशी संबंध नव्हता. तिची कमाई म्हणजे मैदानावरचं गवत. क्लबाशी तिचा तोंडी करार होता: गवत राखायचं तिनं, आणि कापलेलं न्यायचंही तिनंच. त्या गवतावर कस्तुरी, कस्तुरीवर घर, आणि घरावर पुन्हा सुखराम, असा सगळा डोलारा उभा होता.

पावसाळा सुरू झाला की फुटबॉलचा हंगाम आणि गवताचाही. रात्रीतून गवत असं वाढायचं की चेंडू गडप व्हायचा. जिजाबाई विळा घेऊन बसल्या बसल्या पुढं सरकायची, पट्ट्यापट्ट्यानं. लव्हाळा दिसला की मुळासकट उपटायची. सामन्यानंतर बुटांनी पडलेले खड्डे रेती नि माती घालून टाचेनं दाबायची, आणि कोणता खड्डा कुणाचा ते तिला ओळखू यायचं. "हा पुनारामचा. मेल्याची टाच हाय का मुसळ?" त्यावर शेणाचं पाणी शिंपडायची. दोन दिवस खेळाडू नाक धरून सराव करत. कुणी कुरकुरला तर ती म्हणायची, "तुमच्या घामाले का अत्तराचा वास येते?"

हे असं बरं चाललं होतं. मग आली दसऱ्याची ढाल.

ढाल म्हणजे लाकडावर ठोकलेला पितळी पत्रा. पण ती मागची काही वर्षं भरवेलीच्या खाणवाल्या टीमकडं होती, आणि क्लबचे सेक्रेटरी मोतीलालशेठ यांच्या जिवाला ते फार लागलं होतं. शेठचं कापडाचं दुकान. जन्मात त्यांनी चेंडूला लाथ मारली नव्हती, पण खेळाडूंना शिव्या द्यायला ती अट नसते. अंतिम सामना आपल्याच मैदानावर व्हायचा म्हणून त्यांनी त्या पावसाळ्यात रोज सराव लावला, आणि तोही रोज उत्तरेकडच्याच गोलवर, कारण तिकडं सावली होती. व्हायचं तेच झालं. गोलसमोरचं गवत गेलं, माती उघडी पडली, मातीचा चिखल झाला. गोलच्या तोंडात म्हशी लोळाव्या अशी जागा तयार झाली, आणि कस्तुरी एकदा लोळलीसुद्धा.

नेमके त्याच वेळी शेठ मैदान बघायला आले.

त्यांनी जिजाबाईला बोलावून हिंदी-मराठीत जे सुनावलं त्याचा अर्थ असा, की मोठे पाहुणे येणार आहेत, रविवारपर्यंत ही जागा हिरवी झाली नाही तर गवत दुलीचंदला देतो. दुलीचंद टांगेवाला. त्याचा घोडा मैदानाच्या तारेतून मान घालून उभाच असायचा आणि दुलीचंद घोड्याच्या मागं. दोघांची नजर सारखीच.

जिजाबाई घरी गेली नाही. चिखलाकडं बघत बसली. आठवड्याभरात चिखल हिरवा करायचा कसा? बिया टाकल्या तर उगवायला वेळ. आणि मग तिला वाटलं, चिखल हिरवा करणं हेच तर आपण जन्मभर करत आलो. खैरलांजीकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, तिनं किती धान रोवलं असेल त्याला हिशेब नाही. गवत काय नि धान काय, दोन्हीला मुळंच.

दुसऱ्या दिवशी ती मैनाबाई नि रुख्माबाई या गल्लीतल्या दोघींना घेऊन आली. तिघींनी गोलसमोर मातीचा बांध घातला. पाणी भरलं. पायानं चिखल मळला. मैदानाच्या कोपऱ्यातल्या दुबीचे, म्हणजे हरळीचे, ठोंब उपटले, मुठीएवढ्या जुड्या केल्या, आणि कंबरेत वाकून मागं सरकत सरकत, सरळ ओळीत, धान लावतात तसा रोवणा सुरू केला.

सुखरामला जाग आली. रोवणाऱ्या बाया बघून त्याला वाटलं आपण गावी आहोत.

"काओ, हे कोणाचं वावर?"

"तुह्या बापाचं," जिजाबाई म्हणाली. "झोप."

तो झोपला.

रोवणा झकास लागला. चौथ्या दिवशी हिरवाई धरली. शेठ बघायला आले ते पांढरंशुभ्र धोतर नेसून, म्हणून मैदानाच्या मध्यापर्यंतच आले. तिथून गोलसमोर हिरवंगार दिसलं. ते खूश होऊन गेले. ते हिरवं घोटाभर पाण्यात उभं आहे हे त्यांना दिसलं नाही, आणि जिजाबाईनं सांगितलं नाही. तिचा विचार होता शनिवारी बांध फोडून पाणी काढायचं. पण शनिवारी तिला भीती वाटली, पाणी काढलं नि रोप कोमेजलं तर? राहू दे म्हणाली. धानाला कधी कुणी रोवल्या रोवल्या कोरडं करतं का?

रविवारी बाजाराचा दिवस. बैलगाड्या सोडून लोक तारेला चिकटले. खाणवाले नवे कोरे बूट घालून आले. क्लबाचे निम्मे बुटात, निम्मे अनवाणी. शिट्टी वाजली.

पहिल्या अर्ध्यात उत्तरेचा गोल आपला होता. आपला गोलकीपर नथ्थू पाण्यात उभा राहायला तयार नव्हता, म्हणून तो बांधावर बगळ्यासारखा उभा. थोड्या वेळात खाणीचा बाबूलाल चेंडू घेऊन सगळ्यांना चुकवत आला. तिरोडीकडचा पोरगा, पायात वीज. चेंडू पुढं गेला नि रोवण्यात रुतला. समोर गोल रिकामा. मागं कुणी नाही. आणि बाबूलाल बांधावर येऊन थांबला, खाली वाकला, आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

कारण रोवण्यात कुणी जोडे घालून जात नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला लागल्यापासून त्याच्या पायांना माहीत होतं. मैदानाबाहेरून खाणीची टीम चालवणारे बंगाली बाबू ओरडत होते, शूट कर, शूट कर. बाबूलालनं एक बूट हातात धरून वर बघितलं.

"दादा, रोपा लगा है."

तोवर नथ्थू बांधावरून वळसा घालून, अनवाणी पाय अलगद ओळींच्या मधून टाकत गेला नि चेंडू उचलून आणला. तारेवरची माणसं हसली नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कुणीतरी उलट म्हणालं, पोरगा चांगल्या घरचा हाय.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या, आणि आता आपल्यालाच त्या गोलवर चढाई करायची होती. आपली पोरं यायची, बांधाशी यायची आणि फुटायची, अर्धी डावीकडं, अर्धी उजवीकडं. शेठ खुर्चीवरून उठत नि बसत. सामना शून्य-शून्य.

संपायच्या बेतात पुनारामनं लांबून चेंडू हाणला. खाणीचा गोलकीपर अडवायला धावला, बांधावरून घसरला नि बाहेरच्या बाजूला उताणा पडला. चेंडू रोवण्यात, गोलच्या रेषेच्या अलीकडं. पुनाराम धावत बांधापर्यंत आला.

आणि थांबला.

"अबे, जा ना बे," शेठ ओरडले. "काहून थांबला?"

"जिजाबाईनं रोवलं हाय, शेठ. तिले इचारा."

बावीस माणसं नि सगळी तार जिजाबाईकडं वळली. ती जांभळाखालून उठली. हातात विळा.

"शेठ, आधी एक सांगा. गवत मायं का दुलीचंदचं?"

"बाई, बाद में बात करेंगे."

"बाद मंधी काय बोलता? थो पाहा, त्याईचा गोलकी उठून राह्यला."

गोलकीपर खरंच उठत होता. आधी गुडघ्यावर आला. शेठनी त्याच्याकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं, पितळी पत्र्याकडं बघितलं.

"तुह्यं. सारं तुह्यंच, बाई. चालू हंगामाचं सारं गवत तुह्यं."

"आयकलं ना सगळ्याईनं?"

तारेवरून 'हौ' असा होकार आला. दुलीचंद तेवढा घोड्याची मान तारेतून बाहेर ओढत होता.

"जा बापा," ती पुनारामला म्हणाली. "पण जोडे काढ."

एकच जोडा काढण्याइतका वेळ होता. पुनाराम एका पायात बूट नि एक पाय अनवाणी असा बांधीत उतरला, अनवाणी पायानं चेंडू ढकलला आणि गोलच्या जाळीत चेंडूसकट स्वतःही गेला. त्याच्यामागं सगळी टीम, टीममागं निम्मा बाजार. रोवण्याचं भरीत झालं.

खाणीच्या कप्तानानं पंचाकडं तक्रार केली, बाहेरच्या बाईनं खेळात दखल दिली म्हणून. पंच डोकं खाजवत असताना त्यांचाच बाबूलाल मध्ये पडला. म्हणाला, गोल बरोबर आहे, बाईनं आधी जा म्हटलं होतं. पंचानं गोल दिला, ढाल क्लबाकडं आली, आणि बंगाली बाबूंनी बाबूलालला दिवाळीपर्यंत खेळायला घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलणं फिरवून पाहिलं. म्हणाले, मी हंगामापुरतं बोललो. जिजाबाईनं विचारलं, हंगाम संपते कवा? शेठना वाटलं आपण बाईला पेचात धरली. गवत वाळलं की हंगाम संपला, ते म्हणाले, मग दुलीचंदचं बघू.

"हौ," ती म्हणाली, आणि विहिरीकडं गेली.

दिवाळी झाली, गावाभोवतीची कुरणं पिवळी पडली, आणि क्लबाचं मैदान हिरवंच. संक्रांत झाली, होळी झाली. जिजाबाई रोज सकाळी घागरी वाहायची, संध्याकाळी शेणपाणी शिंपडायची. मैनाबाई नि रुख्माबाईही हात लावायच्या, कारण कस्तुरीचं ताक त्यांच्याही घरी जायचं. सुखरामलाही उठवून बादली हातात दिली गेली. चैतात, जमीन तव्यासारखी तापली असताना, पोरं दुबीवर फुटबॉल खेळत होती. भर उन्हाळ्यात असं मैदान जिल्ह्यात कुणी बघितलं नव्हतं. शेठनी एका सभेत ते आपल्या देखरेखीचं फळ असल्याचं सांगून हार घालून घेतला.

पुढची सात-आठ वर्षं तिनं हंगाम संपूच दिला नाही. शेठ अधूनमधून येत, एखादी काडी उपटून बोटात चुरगाळत, ओली लागते का बघत. लागायची. मग ती टाकून, शेणाच्या वासामुळं नाकाला रुमाल लावून, दुकानाकडं परत जात.