आग्रहाचे घास

नवऱ्याच्या पोटात कॅन्सर आहे हे कळल्यावर मी पहिली गोष्ट ठरवली ती ही, की कुणाला सांगायचं नाही. परदेशातल्या या हॅमिल्टनमध्ये आपली मराठी मंडळी मोजकी. एका घरात शिंकलं की दुसऱ्या घरातून काढा येतो. मला तो काढा नको होता. माझा स्वभाव मुळातच तिखट, त्यात कुणी कीव करायला लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नवऱ्याचं उलट. तो दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनियर होता. यंत्र बिघडलं की आधी चार जणांना बोलावून दाखवायचं आणि मग पान्हा हातात घ्यायचा, ही त्याची रीत. त्याने मला न विचारता ऑफिसातल्या मराठी मित्राला सांगून टाकलं आणि त्या शनिवारी आमच्या दारात चपलांचा ढीग पडला.

दोन हजार सोळाचा हिवाळा होता तो. हीट पंप दिवसभर चालू, खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटलेलं, आणि हॉलमध्ये भेटायला आलेली माणसं. सगळी जीव लावणारी, यात वादच नाही. पण आजाऱ्याला भेटायला येणं म्हणजे आपल्याकडे बसणं, आणि बसणं म्हणजे चहा. मी चहा करत होते. एकजण पपईच्या पानांच्या रसाबद्दल सांगत होता. एक बाई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, आपण पॉझिटिव्ह राहायचं हं. तिचा मुलगा नाक ओढत नवऱ्याच्या शेजारी सोफ्यावर चढला, तेव्हा मात्र माझा तोल गेला. केमो सुरू झाली की साधी सर्दीसुद्धा महागात पडेल असं नर्सने बजावलं होतं, तेच मी त्या बाईला जरा चढ्या आवाजात सांगितलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती.

त्या दिवसांत मला आवडायचे ते फक्त शेजारचे आजोबा. गोरे, एकटे राहणारे. हिरवळ कापायला ते मशीन बाहेर काढायचे आणि त्यांचं गवत कापून झालं की न विचारता आमच्या बाजूला यायचे. कचऱ्याच्या दिवशी आमचा बिनही रस्त्यावर गेलेला असायचा. मी आभार मानायला गेले की म्हणायचे, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत त्यात काय एवढं, आणि आत निघून जायचे. मदत करावी तर अशी, मला वाटायचं. चहा नाही, रस नाही, पॉझिटिव्ह नाही.

आमच्या मंडळींनी मात्र डबे सुरू केले. आपसांत वार वाटून घेतले. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी. त्याला निमित्तही तसंच होतं. हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की वजन आणखी उतरलं तर त्याच्या शरीराला केमो सोसणार नाही, थांबवावी लागेल. तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट महत्त्वाची राहिली. तो किती खातो.

आणि त्याला तर काहीच खाववत नव्हतं. तोंडाला लोखंडाची चव आहे म्हणायचा. फोडणीचा वास आला की तो जाकीट चढवून मागच्या डेकवर धुक्यात जाऊन उभा राहायचा. शेवटी मी शेगडी गॅरेजमध्ये नेली. इथे आपले बरेच लोक तळणीसाठी तसं करतातच. मी गाडीशेजारी उभी राहून, स्वेटरवर ॲप्रन बांधून, हिंग न घालता वरण करायला शिकले.

डबे आणणाऱ्यांत नवऱ्याच्या ऑफिसातल्या त्या मित्राची आई होती. कऱ्हाडकडच्या काकू, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. सुती साडी, पायात बूट, वर नातवाचं जुनं पफर जाकीट, अशा त्या मागच्या गल्लीतून चालत यायच्या. त्यांचं माझ्या नवऱ्यावर विशेष लक्ष होतं, कारण त्याची आई तो कॉलेजात असतानाच गेली होती, हे त्यांनी पहिल्याच भेटीत काढून घेतलं होतं. काकू म्हणजे जुन्या पद्धतीच्या वाढणाऱ्या. हवंय का असं विचारायच्याच नाहीत, वाढायच्या. पान रिकामं झालं की त्यांच्या लेखी पोटात जागा आहे. नको असेल तर माणसाने पानावर आडवा हात धरावा, आणि तो धरला तरी बोटांच्या फटीतून त्या एक पळी सोडणारच.

पण माझ्या नवऱ्याला आडवा हात धरताच येत नसे. पानात टाकायचं नाही, वाढणाऱ्याचं मन मोडायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं भिनलेलं की आजारानेही ते सुटलं नाही. कुणाचाही डबा असो, तो हळूहळू, घोट घोट पाणी पीत, संपवायचा. डबा रिकामा गेला की पाठवणारीला आनंद, आणि पुढच्या वारी डबा एका पुडाने वाढलेला. आवडलं वाटतं त्याला, म्हणून. सगळ्यांना वाटलं, आपण जिंकतोय. मलाही वाटलं. मी तर त्याच्या उशाशी बसून लहान मुलाला भरवावं तसं म्हणायचे, एक घास अजून, हा शेवटचा.

वजनाचा काटा मात्र खालीच चालला होता. आम्हाला समजेना, एवढं खाऊन हे जातं कुठे.

ते सांगितलं आमच्या मुलीने. तेरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. मी तिला गाडीतून शाळेत सोडत होते आणि डब्यांबद्दल काहीबाही बोलत होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मम, ही थ्रोज इट अप. एव्हरी टाइम. बिहाइंड द शेड." म्हणजे तो दर वेळी शेडमागे जाऊन सगळं ओकून टाकत होता. वर ती म्हणाली, "ही जस्ट डझन्ट वॉन्ट टू हर्ट एनीवन."

तिला शाळेच्या दारात उतरवून मी गाडी कडेला घेतली आणि डब्यांचे वार ठरवणाऱ्या बाईला फोन लावला. जे तोंडाला आलं ते बोलले. तुमच्या प्रेमाने तो मरेल म्हटलं. हा शब्द तोपर्यंत मी उच्चारला नव्हता. मग ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आम्हाला दुसरं काही करता येत नाही गं, म्हणून स्वयंपाक करतो." तिच्या आवाजात जराही राग नव्हता. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, निदान झाल्यापासून पहिल्यांदाच. ती फोन न ठेवता ऐकत राहिली.

त्यानंतर डबे थांबले आणि माणसं राहिली. कुणी मुलीला नेटबॉलला न्यायला लागलं. कुणी धुवायचे कपडे घेऊन जायचं आणि घड्या घालून आणायचं. पॉझिटिव्हवाली बाई केमोच्या दिवशी हॉस्पिटलात माझ्या शेजारी येऊन बसायची, स्वेटर विणायची आणि कमालीची गप्प राहायची. माणसं इतकी शिकू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना दारात उभं राहून चहाचं विचारेनाशी झाले, तीही मागेनाशी झाली.

काकूंनी मात्र खाण्याचा नाद सोडला नाही. फक्त डब्याची वाटी झाली. तांदळाची पेज, तूप, मीठ, बस. वाटीवर बशी झाकून त्या रोज सकाळी यायच्या, त्याच्यासमोर बसायच्या आणि दोन चमचे गेले की स्वतःच वाटी काढून घ्यायच्या. तासाभराने पुन्हा दोन. ते दोन चमचे पोटात राहायला लागले. पुढच्या तपासणीत वजन तेवढंच भरलं, उतरलं नव्हतं. नर्सने अंगठा वर केला आणि नवरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा हसला. घरी येताना नदीकाठी गाडी थांबवून आम्ही दोघं बाकावर बसलो. मी मनाशी उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत करत होते.

मग स्कॅन झाला. डॉक्टर भला माणूस होता. त्याने खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली, तेव्हाच मला कळलं. आजार पसरला होता, औषधाचा उपयोग होत नव्हता, नुसता त्रास होत होता. केमो बंद करायची होती. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. म्हणजे आता वजनाचं काही नाही? डॉक्टर म्हणाला, नाही, आता वाटेल तेव्हा, वाटेल ते खा.

घरी येऊन मी गॅरेजमध्ये शेगडी पेटवली आणि वरण गरम केलं. त्याच्यापुढे नेलं. थोडं खा म्हटलं. त्याने खाल्लं. संध्याकाळी पुन्हा तेच, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तोंडातून दुसरा शब्दच निघत नव्हता. खा म्हणणं थांबवलं असतं तर जे झालंय ते मी कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि मला ते कबूल नव्हतं. मला तो हवा होता. मुडदूस झाल्यासारखे हातपाय, पिवळे डोळे, कसाही, पण हवा होता.

काकू आल्या तेव्हा मी गॅरेजमध्येच होते. त्यांच्या मुलाने त्यांना स्कॅनचं सांगितलं होतं. हातातली वाटी त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि रिकाम्या हाताने आत गेल्या. मी मागोमाग गेले.

त्यांना पाहून नवरा उशीला रेलून उठून बसायला लागला. ते बसणंसुद्धा त्याला आता जड जात होतं. मला म्हणाला, चमचा दे. काकूंनी पलंगाच्या कडेला बसून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आज काही आणलं नाही रे," त्या म्हणाल्या. "आणि उद्याही आणणार नाही. लई खाल्लंस आमच्यासाठी, बाळा. आता पुरे. आता नाही खाल्लंस तरी चालतंय."

उभा जन्म लोकांच्या पानात वाढण्यात घालवलेली ही बाई, तिला हे तोंडातून काढणं किती जड गेलं असेल ते तिच्या हनुवटीकडे बघून कळत होतं.

"काकू, खरंच चालेल?"

"चालेल."

मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खोलीत दोघंही माझ्या बोलण्यासाठी थांबले होते. आमच्या संसारात मी त्याला हजार गोष्टी नाकारल्या असतील, पण इतकं अवघड काही त्याने कधी मागितलं नव्हतं. मी दाराची चौकट धरली होती, आणि मला ओरडून सांगायचं होतं की नाही, चालणार नाही, ऊठ, एक घास खा.

"चालेल," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले आणि उशीवर खाली सरकला. काकूंनी पांघरूण त्याच्या खांद्यापर्यंत ओढलं. त्या दिवशी माझ्या नवऱ्याने काहीही खाल्लं नाही, आणि कितीतरी महिन्यांत झोपला नव्हता इतका शांत झोपला.