तीन बोटं

मला राग लवकर येतो आणि सावकाश जातो. पण त्या प्रिंटरवरचा राग आठ महिने झाले तरी जायचं नाव घेत नाही. ताईच्या खिडकीत तो अजून बसलेला असतो, पांढराशुभ्र, झाकण मिटून, जणू काही केलंच नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण संघमित्रा. घाटकोपर पूर्वेला तळमजल्यावर तिची खोली आहे. खोलीची खिडकी गल्लीत उघडते आणि त्या खिडकीतून ती लोकांचे फॉर्म भरून देते. आधी बावीस वर्षं देवनारजवळच्या एका खासगी शाळेत क्लार्क होती. शाळा बंद पडली, पण कुठल्या कामाला कुठला कागद लागतो ते सगळं तिच्या डोक्यात राहिलं. कुणी खिशातून चार घड्यांचा दाखला काढला की ती कडाडते, "रुमाल आहे का रे तो?" एरवी समोरच्याचा जीव जाईल इतकी सावकाश वाचते. ओरिजिनल मात्र ती स्वतःकडे ठेवून घेत नाही. "तूच धर. मी नुसतं बघते," म्हणते.

गल्लीच्या तोंडाशी मधुकरचं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा त्याने शेजारच्या शांताबाईंच्या नवऱ्याचा जुना कागद मशीनमध्ये वरून घातला, आणि मशीनने तो ओढून मधोमध फाडला. ताईने त्या दिवशी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. "जुना कागद ओढायचा नसतो, काचेवर ठेवायचा असतो! एवढं कळत नाही तर दुकान कशाला थाटलंस?" त्यानंतर तिने मधुकरची पायरी चढणं सोडलं आणि स्वतःचा प्रिंटर घ्यायचं ठरवलं. झेरॉक्स, स्कॅन, प्रिंट, सगळं एकात असणारा.

घाई होती ती प्रियंकासाठी. आमच्या भावाची, केतनची मुलगी. तिला नर्सिंगला सीट मिळाली होती, पण महिनाअखेर जातीची व्हॅलिडिटी जमा केली नाही तर ती सीट जाणार होती. व्हॅलिडिटीला पणजोबांचा पुरावा लागत होता, आणि तो एकच होता. आमच्या आजोबांचा, सीतारामांचा, १९४६ सालचा शाळा सोडल्याचा दाखला. गावच्या शाळेचं रजिस्टर केव्हाच वाळवीने खाल्लेलं. दुसरी प्रत जगात नाही.

मी अंधेरीला एका कंपनीत खरेदी विभागात आहे. म्हटलं, "ताई, प्रिंटर ना? मी आहे ना!" कॉम्प्युटरवर मोठा तक्ता केला. शाई टाकीतली की कार्ट्रिजची, मिनिटाला किती पानं, मोबाइलवरून प्रिंट निघते का. ताईने तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि एकच विचारलं, "काच केवढी?"

मी हसले. "काच सगळ्यांची सारखीच असते गं."

ऑफिसात माझ्या टेबलामागे दोन माणसांनी उचलायचं मशीन आहे. त्याची काच बघून मी हे बोलले. खरेदी विभागात अकरा वर्षं काढलीत मी! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

घाटकोपर पश्चिमेच्या दुकानात अनय नावाचा सेल्समन होता. त्याने माझ्या तक्त्यातला प्रिंटर काढून दाखवला, मी खूश. तेवढ्यात ताईने पिशवीतून प्लास्टिकचा फोल्डर काढला आणि आजोबांचा दाखला काउंटरवर उलगडून ठेवला. मॅचिंगसाठी ब्लाउजपीस घेऊन जातात ना दुकानात, तशी ती कागद घेऊन आली होती. "ह्याचं झाकण उघडा जरा," ती अनयला म्हणाली. "हा कागद बसतो का बघते."

आमच्या मागे दोन कुटुंबं उभी होती. लांबट दाखला सरळ उताणा पडलेला. चौथ्या रकान्यात आमची जुनी जात, जाड निबाने लिहिलेली, ऐंशी वर्षांनंतरही ठळक. शेजारच्या बाईने मान वळवली. ती कागदाकडे बघत होती की किमतीच्या पाटीकडे, मला आजही सांगता येणार नाही. मी माझी पर्स उचलली आणि दाखल्यावर ठेवली.

"ताई, आत ठेव ते. इथे कशाला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग पर्सखालून कागद सोडवला आणि फोल्डरमध्ये सरकवला. मी घाईघाईने अनयला विचारलं, "लीगल साइज घेतो ना?"

"घेतो ना मॅडम, आरामात."

झालं. प्रिंटर घरी आला. रविवारी मीच दाखला स्कॅन केला. ताई खिडकीत एका बाईचा फॉर्म भरत होती. तिने तिथूनच विचारलं, "खालचं सगळं आलं का गं? शिक्का बघ."

"आलं गं, आलं!" मोबाइलवर पान वरपासून अक्षरांनी भरलेलं दिसत होतं. मी ते मोठं करूनसुद्धा बघितलं नाही. अर्जाला जोडून दिलं.

नवव्या दिवशी जात पडताळणी समितीचा मेसेज आला. अर्जात त्रुटी. मुख्याध्यापकांची सही व शिक्का दिसत नाही, सात दिवसांत पूर्तता करावी. "आत्या, सीट जाणार का माझी?" प्रियंकाने विचारलं. ताईने दाखला प्रिंटरच्या काचेवर ठेवला. कागद खालून बाहेर लोंबत होता. तिने बोटं आडवी लावून मोजलं. तीन बोटं.

मी तशीच दुकानात गेले आणि अनयवर तुटून पडले. "खोटं बोलून माल खपवता? पोरीची सीट जायची वेळ आली!" सगळं दुकान बघत होतं. अनयने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचारलंत लीगल घेतो का. घेतो, पण प्रिंटला. घरच्या मशीनची काच ए-फोरचीच असते. मी सांगायला पाहिजे होतं, चुकलंच माझं. पण तुमच्या ताई कागद काचेवर ठेवूनच बघत होत्या ना? तुम्हीच पर्स ठेवलीत."

परत आले तेव्हा ताई प्रियंकाला जेवायला वाढत होती. तिच्या शांतपणाने माझं डोकं आणखी फिरलं.

"ओरड ना मला! मधुकरवर ओरडतेस, गल्लीतल्या सगळ्यांवर ओरडतेस, मग मलाच का नाही?"

ताईने वरणाची वाटी आपटून ठेवली. "ओरडू? मग ऐक. मशीनने तीन बोटं खाल्ली, श्वेता. तू अख्खा कागद झाकला होतास. तुला लाज वाटली. मला दिसलं ते, तिथेच दिसलं. त्या कागदावर मी शिकले, तू शिकलीस, तुला नोकरी लागली. आता ही पोर शिकणार. आणि तू त्याच्यावर पर्स ठेवतेस?"

प्रियंका खाली मान घालून भात कालवत राहिली. मी दारात चपला घातलेलीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी ताई मधुकरची पायरी चढली, मान ताठ ठेवून. त्याच्याकडचं मोठं मशीन लांब कागद घेतं. "वरून घालशील तर हात तोडीन," ती म्हणाली. "झाकण उघड. मी ठेवते." मधुकरने मुकाट्याने झाकण उघडलं. दुकानात पाच-सहा माणसं खोळंबली होती. त्यांच्यातल्या एकाने वाकून विचारलं, "काय आहे हो एवढं जुनं?"

"आमच्या आजोबांचा दाखला आहे," मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने. "बघा हवं तर."

स्कॅन पडद्यावर मोठा उमटला. सही होती, गोल शिक्का होता. आणि शिक्क्याच्या वर, त्या कापल्या गेलेल्या तीन बोटांत, मुख्याध्यापकांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ होती. वर्तणूक चांगली. शेरा: मुलगा हुशार आहे, पुढे शिकवावे.

"ही ओळ कधी आली?" मी ताईला विचारलं.

"ती तिथेच होती," ताई म्हणाली.

व्हॅलिडिटी मुदतीच्या दोन दिवस आधी आली आणि प्रियंकाची सीट वाचली. पण माझा राग तिथेच आहे. तो दाखला मी लहानपणापासून किती वेळा हातात घेतला असेल, आणि दर वेळी चौथ्या रकान्यापर्यंत वाचून मिटून ठेवला.