याकोबची चुन्याची रेघ

याकोब गेल्याचं कॉलेजच्या शिपायानं सांगितलं, तेव्हा मला आधी रागच आला. "शेवगावकडं, विहिरीवर... सुरुंगाचा दगड लागला," शिपाई म्हणाला. मी ओरडलो, "अरे, दगड कुठवर जातो ते त्यानंच तर काढलं होतं!"

नगरला आम्ही दोघंही गणित शिकवायचो. सुरुंगाची दारू पेटली की वायू फुगतो, दगडाला ढकलतो. त्या जोरापैकी दगडाच्या वाट्याला किती येतो, हेच त्याच्या डोक्यात. मी चिडवायचो, "लग्न कर बाबा, वाटणी आपोआप कळेल." दुष्काळी कामावर विहिरी खोदताना बाया दगडांनी जखमी होऊ लागल्या, तसा हा सुट्टी काढून तिकडं जाऊन बसला. दारू किती, ती भरायचं भोक किती खोल, विचारायचा, गणित मांडायचा आणि चुन्याची रेघ ओढायचा. रेघेपलीकडं दगड कधी गेला नाही. मात्र भोकाचं तोंड ओल्या मातीनं घट्ट ठासलेलं आहे, असं त्यानं गणितात धरलं होतं. कोरडी माती उडाली तर वायू तिथूनच निसटून तोंडाजवळचे दगड कुठल्या कुठं भिरकावतो.

तो गेला त्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. माती भिजवायला ठेवलेली तेवढी एक कळशी होती. बायांच्या घशाला कोरड पडलेली. यानं ती कळशी त्यांच्यापुढं ठेवली. दारू आधीच भरलेली; मुकादम म्हणाला, "सर, भरल्यालं भोक तसंच सोडता येत न्हाई." शेवटी कोरडीच माती ठासली. याकोबनं सगळ्यांना पार ओढ्यापलीकडं पिटाळलं. वात पेटली आणि त्याला सखूबाई दिसली. ती म्हातारी रोजच्यासारखी रेघेमागं बसली होती. बाया हाका मारत होत्या. तिचं एकच, "सरांची रेघ हाय न्हवं? मला काय हुतंय?" याकोब धावत गेला, तिला खाली पाडून तिच्यावर आडवा झाला...

परवा मी तिथं गेलो. शहाण्या, ती रेघ तरी पुसायची होतीस, असं मनात सारखं येत होतं. टँकर आला. बाया, लेकरं सगळी तहानलेली. सखूबाईनं पहिली कळशी भरली आणि सुरुंगाचं भोक ठासायच्या मातीवर ओतली. एक पोर रडायला लागलं. "आदी ही भिजू दे," ती म्हणाली आणि दुसरी कळशीही मातीवरच रिती केली. पाण्यासाठी कुणी हात पुढं केला नाही. मला तिथं उभं राहवेना.