मामांचा डावा गाल

माझे मामा बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. वरचा सूर लावला की त्यांच्या मानेच्या शिरा तटतटून फुगायच्या, आणि मामीचा जीव खालीवर व्हायचा.

एकदा त्यांचा डावा कान ठणकायला लागला. कानाच्या आतबाहेर बारीक, पाण्याने भरलेले फोड आले. "उन्हाने झालं असेल," म्हणत त्यांनी तिकडे काणाडोळा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओठांच्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळला.

मामी निरखून बघत म्हणाली, "अहो, जरा हसा बरं."

ते हसले, पण हसला तो फक्त उजवा गाल. डावा डोळा मिटेनासा झाला होता. अर्धांगवायूच्या धास्तीने मामीने त्यांना आहे त्या कपड्यांत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हातपाय हलवून घेतले, मग कानात बॅटरी मारली. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"हो, सगळ्या भावंडांना एकदमच."

"तो विषाणू नसांत दडी मारून बसतो. इतक्या वर्षांनी जागा झालाय. ही नागीणच, फक्त कानात आली आणि चेहऱ्याच्या नसेला धरलं तिने. वेळेवर आलात, गोळ्या आजच सुरू करू."

"पुन्हा वाजवता येईल?"

"बऱ्याच जणांना आराम पडतो. अगदी पहिल्यासारखं होईलच, असा शब्द मात्र देत नाही."

फोड सुकले, गाल ढिम्मच. मामांनी लोकांत जाणं सोडलं. मामी डोळ्यात थेंब घालायची, झोपताना पापणीवर पट्टी लावायची आणि आरशासमोर बसवून "प, फ, ब" म्हणवून घ्यायची.

"तोंड वाकडं करायची सवय जुनीच तुमची," ती एकदा म्हणाली. मामा आधी फणकारले, मग हसू आवरेना. तेव्हा ओठाचा डावा कोपरा किंचित हलला. मामीने तो दोनदा बोट लावून पाहिला.

पुढे बँडमास्तर एक मोठं, खर्जातलं वाद्य घेऊन आले. "याचं तोंड रुंद आहे, ओठांना एवढा ताण नाही पडायचा. बघा फुंकून."

पहिला आवाज म्हैस रेकल्यासारखा निघाला. मामांनी वाद्य परत दिलं नाही.

वरचे सूर काही परत आले नाहीत. पण मामा पुन्हा बँडमध्ये उभे राहतात, मागच्या रांगेत. ट्रंपेट आता एक नवी मुलगी वाजवते, आणि तिचा सूर डगमगला की मामांचा खर्ज खालून तिला सावरून धरतो.