टेबल सरळ आहे

माणूस गोड बोलायला लागला की मी आधी त्याची कागदपत्रं मागते. माझी नोकरीच तशी आहे, विम्याचे क्लेम तपासायचे. पायाला प्लास्टर घालून आलेला माणूस कोणत्या पायाने जिना चढला हे बघायचा मला पगार मिळतो, आणि ती खोड आता रविवारीही सुटत नाही. त्यामुळे धाकट्या बहिणीने भांडी घासता घासता, पाठमोरीच, "ताई, मला एक मुलगा आवडलाय," असं सांगितलं, तेव्हा आनंदबिनंद राहिला बाजूला, आधी माझ्या डोक्यात घंटा वाजली.

"करतो काय? राहतो कुठे?"

"वाकोल्याला. शाळेत गणित शिकवतो. तू भेट ना एकदा. तू नाही म्हणालीस तर नाही, यार. खरंच."

ते 'खरंच'च मला नको होतं. आई-बाबा गेल्यापासून मुलुंडच्या ह्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. तिची दहावी, बारावी, नोकरी, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. ती बोलते तशी वागते हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे माझ्या एका शब्दावर तिचं लग्न अडकलेलं होतं.

चहापोह्यांवर माझा विश्वास नाही. तासभर कोणीही साधुसंत होतो. मी ठरवलं, ह्याला खेळायला बसवायचं.

दर शनिवारी अंधेरीला ऑफिसातल्या मंडळींबरोबर मी एक खेळ खेळते. एकजण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "समोर दरी आहे, काय करतोस?" "उडी मारतो." जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. मोठा आकडा पडला तर झकास, छोटा पडला तर वाट लागली. दोन-तीन तासांत माणूस स्वतःला विसरतो आणि आतलं जे असेल ते बाहेर येतं. खोटं सोनंसुद्धा घट्ट धरून बसणारे कंजूष मी पाहिलेत. मी स्वतः आजवर कधी खेळ चालवला नव्हता, आणि समोर बसणाऱ्यांपैकी कोणी हा खेळ पाहिलाही नव्हता. पण ह्या कामासाठी मी गेम मास्टर झाले. आठवडाभर बसून त्या मुलासाठी गोष्टीत सापळे रचले.

घरातलं मोठं माणूस हवं म्हणून जोगेश्वरीहून मामाला बोलावलं. मामा मालवणचा, आणि संशयाच्या बाबतीत मी त्याचीच भाची.

मुलगा वेळेवर आला. दारात स्वतःचे बूट काढले आणि आमच्या चपलाही नीट लावून ठेवल्या. दुसऱ्याच्या घरच्या चपला लावणारा माणूस एकतर फार चांगला असतो, नाहीतर त्याला बरंच काही लपवायचं असतं. हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी. "पेढे आणले असते तर सगळं ठरवूनच आलो असं वाटलं असतं, ताई," म्हणाला. म्हणजे विचार करून आला होता. चहा झाल्यावर उठून स्वतःचा कप विसळला. बहीण माझ्याकडे बघून हसली, मी नाही हसले.

आमचं टेबल घडीचं, त्याचा एक पाय आखूड. सकाळीच मी त्याखाली पुठ्ठा घालून, वर पाण्याचा पेला ठेवून, ते सरळ करून घेतलं होतं. उगाच कोणाला सबब नको.

मामा, बहीण आणि तो मुलगा, तिघं वाटसरू; गुहेतून डोंगरापलीकडे बाहेर पडायचं. खेळ सुरू झाला तो धर्मशाळेपासून. धर्मशाळेचा मालक मी. पहिला अर्धा तास मामानेच खाल्ला.

"गाव खंयचा तुमचा?" मामाने मालकाला विचारलं.

"डोंगरापलीकडचं," मी मालकाच्या आवाजात म्हटलं.

"डोंगरापलीकडचा म्हणजे? गावाक नाव नाय? आणि आडनाव काय म्हटलास?"

माझ्याकडे आडनाव नव्हतं. मामाने मान हलवली आणि मालकाने फुकट देऊ केलेलं गरम सूप कोणालाही पिऊ दिलं नाही. "फुकट देता म्हणजे काय तरी घातलेला असतला," म्हणाला. शेवटी तिघं उपाशीपोटीच गुहेत शिरले. गुहा मी जोगेश्वरीच्या लेण्यांवरून बेतली होती, लांब पायऱ्या, खांब, आत गार काळोख. मामाने ती लगेच ओळखली. "ह्या तर आमचाच लेणा! हय पाणी गळता, सांभाळून."

आता माझे सापळे. मी मुलाला म्हटलं, "पहारा तुझा. दोघं झोपलेत. उशाशी दागिन्यांची पेटी, उघडी. कोणी बघत नाहीये. काय करतोस?"

त्याने थोडा विचार केला. "मामांच्या अंगावर घोंगडं घालतो. गार आहे ना इथे."

"शाबास रे झिला!" मामा म्हणाला. झालं, माझा साक्षीदार पहिल्याच फटक्यात फुटला.

पुढे जखमी दरोडेखोर ठेवला होता, गयावया करणारा. मुलाने त्याला पाणी पाजलं, पट्टी बांधली. पण त्याआधी त्याच्या कमरेचा सुरा काढून घेतला. हे मात्र मला आवडलं, आणि आवडलं म्हणून मला जास्तच राग आला. इतका कसा सरळ असेल माणूस? बावळट म्हणावा तर सुरा काढून घेतला. मग हा पोचलेला असणार. कोणीतरी पढवून पाठवलेला असणार. मी बहिणीकडे बघत होते, ती निवांत चटणीला लावून वेफर्स खात होती.

मग दरी आली. बहिणीने उडी मारली, फासा टाकला, पडले दोन.

"ताई, हे धरू नको ना गं. टेबल वाकडं आहे."

"टेबल सरळ आहे. पुठ्ठा मी स्वतः घातलाय. पडलं ते पडलं."

"एकदाच!"

"एकदा नाही नि अर्ध्यांदा नाही. तुझा पाय मोडला."

ती फुरंगटून बसली. मुलगा म्हणाला, "मी घेतो पाठीवर." म्हटलं, घे बाबा, इथे बोलायला काय जातंय! पण पुढच्या प्रत्येक चढावर, काही करायच्या आधी, तो आठवणीने सांगायचा, "ती माझ्या पाठीवर आहे हां, मला पळता येणार नाही." मी दोनदा मुद्दाम त्याला पळायची पाळी आणली. दोन्ही वेळा तो मार खाऊन आला.

सापळे संपत आले होते आणि माझ्या हाताला काही लागलं नव्हतं. एखादा क्लेम खरा निघाला तर ऑफिसात मी फाइल बंद करते आणि चहा घेते. इथे मात्र मी आणखी एखादा सापळा राहिलाय का ते शोधत होते. हा मुलगा चांगला निघाला तर काय, ह्याचीच मला भीती वाटत होती. चांगला निघाला तर ती वाकोल्याला जाणार, आणि ह्या दोन खोल्यांत मी कोणाशी भांडणार? कोणाला म्हणणार, गॅस बंद केलास का?

शेवटचं दार राहिलं होतं. दगडी, वर उचललं जाणारं. त्याची साखळी ओढून धरायला मी एक म्हातारी बसवली होती. तिला मी नावसुद्धा दिलं नव्हतं. तिने साखळी ओढायची, तिघांनी बाहेर पडायचं, खेळ खलास. मी म्हातारीच्या आवाजात म्हटलं, "चला, निघा लवकर. हात दुखतात माझे."

मामा निघाला. मुलगा थांबला.

"आजी, तुम्ही साखळी सोडली तर दार खाली येणार ना? मग तुम्ही बाहेर कशा येणार?"

"मी नाही येत."

"का?"

मी काही ठरवलंच नव्हतं. "कोणीतरी धरायला हवी ना साखळी," मी म्हटलं.

"आता धरायची कोणासाठी? आम्ही शेवटचेच. दारात मोठा दगड लावतो मी. तुम्ही पण चला आमच्याबरोबर. इथे एकट्या काय करणार?"

"माझं मी बघते," म्हातारी म्हणाली.

बहीण फिसकन हसली. हे वाक्य तिने माझ्या तोंडून रोज ऐकलंय. मग तिचं हसू थांबलं. मी तिच्याकडे रोखून बघितलं. "हे तूच शिकवलंस ना ह्याला?" तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून. तिचे डोळे भरले होते. आणि तो मुलगा कोणाकडेच बघत नव्हता. त्याला खरंच त्या म्हातारीची पडली होती.

"मनवायचं असेल तर फासा टाकावा लागेल," मी म्हटलं. माझा आवाज आता ना म्हातारीचा होता ना माझा. "म्हातारी हट्टी आहे. पंधराच्या खाली चालणार नाही."

त्याने फासा दोन्ही हातांत घोळवला आणि टाकला. तो चटणीच्या वाटीपाशी जाऊन थांबला. चार.

"अरे देवा," मामा म्हणाला.

बहीण माझ्याकडे बघत होती. मुलाने खांदे पाडले. "पडलं ते पडलं," तो म्हणाला, आणि फासा माझ्याकडे सरकवायला हात पुढे केला.

मी टेबलाखाली पाय लांब केला, अंगठ्याने तो पुठ्ठा ढकलून दिला. टेबल कलंडलं, वाटी घसरली, फासा घरंगळत त्याच्या मांडीवर पडला.

"टेबल वाकडं आहे," मी म्हटलं. "परत टाक."